संहिता येण्याआधीचं काम



या परिषदेचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत, याबद्दल मनापासून आभार. ही परिषद कोल्हापुरात भरते आहे, हे मला फार उचित वाटतं. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथे बसू लागलं. त्यामुळे सहा जिल्ह्यांतल्या नद्या, खाड्या आणि डोंगर यांचे वाद आता त्यांच्या बऱ्याच जवळ ऐकले जातील. दाद मागायची जागा जवळ आली. पण दाद कोणत्या कायद्याखाली मागायची, हा प्रश्न अजून सुटलेला नाही, आणि आज मी त्याबद्दलच बोलणार आहे.

पंचगंगेचंच घ्या. शहराचं सांडपाणी जयंती नाल्यातून नदीत येतं, पुढे इचलकरंजीच्या प्रोसेस उद्योगाचं पाणी मिसळतं आणि तेरवाडच्या बंधाऱ्याशी मेलेल्या माशांचा खच पडतो. शिरोळ तालुक्यातल्या शेतकऱ्याने तक्रार कुठे करायची? कारखान्याचं पाणी असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, १९७४ च्या जल अधिनियमाखाली. शहराचं मैलापाणी असेल तर जबाबदारी महापालिकेची, तिचा कायदा वेगळा. बंधारा पाटबंधारे खात्याचा, तिथे १९७६ चा महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम. मासे मत्स्यव्यवसाय विभागाचे. गावच्या पाण्याची योजना जिल्हा परिषदेची. प्रत्येक खातं खरंच बोलतं, आणि प्रत्येकाचं म्हणणं असतं की मूळ कारण आमच्या हद्दीत येत नाही. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि माणसं दगावली, तेव्हाही कायद्यांची कमतरता नव्हती. ते सगळे कायदे एका ठिकाणी, एका हाताने वापरता येत नव्हते.

म्हणून पर्यावरणाचे सगळे कायदे एका संहितेत आणावेत, ही मागणी मला मनापासून पटते. स्वीडनने पंधरा कायदे एकत्र करून संहिता केली आणि १९९९ च्या जानेवारीपासून ती लागू केली. फ्रान्सने २००० साली केली. आपल्याकडे २०१४ मध्ये टी. एस. आर. सुब्रमणियन समितीने सहा केंद्रीय कायद्यांचा आढावा घेऊन एक छत्री कायदा सुचवला, केंद्रात आणि राज्यांत परवानगीसाठी नवी प्राधिकरणं सुचवली. समितीला जेमतेम तीन महिने मिळाले होते. पुढच्याच वर्षी संसदेच्या स्थायी समितीने तो अहवाल स्वीकारायला नकार दिला. मला तो नकार योग्य वाटतो. एवढ्या थोड्या काळात, राज्यांशी आणि लोकांशी पुरेसं न बोलता जे एकत्र केलं जातं, त्यात सुसूत्रतेपेक्षा परवान्यांची सोय जास्त असते. त्या अहवालात उद्योजकाच्या स्वतःच्या निवेदनावर जो भरवसा टाकला होता, त्याला पारखण्याची यंत्रणा आपल्या एकाही राज्याकडे नव्हती.

पण संहितेची चर्चा दरवेळी दिल्लीपुरती राहते, ही माझी खरी तक्रार आहे. आपल्या राज्यघटनेत पाणी राज्यसूचीत आहे, सार्वजनिक आरोग्य आणि स्वच्छता राज्यसूचीत आहे. वनं आणि वन्य प्राणी १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत आले. हवा आणि एकूण पर्यावरण यांच्यावर संसदेने कायदे केले ते स्टॉकहोम परिषदेच्या आधारावर, अनुच्छेद २५३ खाली. जल अधिनियमासाठी मात्र संसदेला बारा राज्यांच्या विधिमंडळांचे ठराव घ्यावे लागले, अनुच्छेद २५२ खाली. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता, कारण आपला कायदा आधीच होता. महाराष्ट्र जलप्रदूषण प्रतिबंध अधिनियम १९६९ सालचा. त्याखाली ७ सप्टेंबर १९७० रोजी आपलं मंडळ स्थापन झालं, केंद्रीय कायद्याच्या चार वर्षं आधी. केंद्रीय कायदा आपण स्वीकारला तो १ जून १९८१ पासून. या राज्याने एकेकाळी देशाच्या पुढे पाऊल टाकलं होतं, हे विधिमंडळाच्या आजच्या सदस्यांनी लक्षात ठेवावं.

अनुच्छेद २५२ ची दुसरी बाजू विद्यार्थ्यांना मी नेहमी सावकाश वाचायला सांगतो. एकदा ठराव करून संसदेचा कायदा स्वीकारला, की त्यात राज्याला स्वतःच्या कायद्याने बदल करता येत नाही. आणि संसदेने तो कायदा बदलला, तरी तो बदल राज्याला आपोआप लागू होत नाही. पुन्हा ठराव लागतो. २०२४ साली नेमकं हेच झालं. जल अधिनियमात मोठी दुरुस्ती झाली. बहुतेक अपराधांवरची कैद जाऊन दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंतचा दंड आला, काही प्रकारच्या उद्योगांना संमतिपत्रातून सूट देण्याचा अधिकार केंद्राला मिळाला, राज्य मंडळाच्या अध्यक्षाच्या नेमणुकीची पद्धतही केंद्र ठरवू लागलं. ती सुरुवातीला लागू झाली हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांत. त्याआधी २०२३ च्या जनविश्वास कायद्याने हवा अधिनियम आणि पर्यावरण संरक्षण अधिनियम यांत असाच बदल झाला होता आणि तो १ एप्रिल २०२४ पासून देशभर आला.

याचा परिणाम काय? ज्या राज्याने ठराव केलेला नाही, तिथे एकाच कारखान्याच्या धुराड्यातून निघालेल्या धुराला दंड, आणि त्याच कारखान्याच्या नळीतून नदीत सोडलेल्या पाण्याला जुन्या कलम ४४ खाली दीड ते सहा वर्षं कैद. एकाच आवारात, एकाच दिवशी, एकाच मालकाला दोन कायदे दोन युगांतले. मी कैदेचा आग्रह धरणारा वकील नाही. शिक्षा होण्याचं प्रमाण किती नगण्य होतं, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. पण मोठ्या कारखान्याला पंधरा लाख हा खर्चाचा एक आकडा असतो, तो भरून तो पुढे जातो. म्हणून ठराव करायचा की नाही याचा निर्णय कोणत्याही विधिमंडळाने आवाजी मतदानाने, चर्चेविना घेऊ नये.

या बाबतीत जर्मनीचा अनुभव आपल्या सर्वांत जवळचा आहे, कारण तेही संघराज्य आहे. तिथे एकत्रित पर्यावरण संहितेचे मसुदे अनेक वर्षं तयार होत होते. २००६ मध्ये त्यासाठी राज्यघटनाही बदलली. निसर्गसंरक्षण आणि पाणी यांसारख्या विषयांत संघाला पूर्ण कायदा करण्याचा अधिकार मिळाला आणि राज्यांना त्यापासून काही मर्यादेत वेगळं जाण्याचा. तरीही २००९ च्या फेब्रुवारीत संहिता बारगळली. बव्हेरियाचा विरोध त्यात निर्णायक ठरला. मग संघाने पाण्याचा आणि निसर्गसंरक्षणाचा असे दोन स्वतंत्र कायदे केले, ते २०१० च्या मार्चपासून लागू झाले, आणि प्रत्येक राज्याला आपले जुने कायदे त्यांच्याशी जुळवून घ्यावे लागले. संहिता फसली तरी राज्यांची जुळवाजुळव टळली नाही.

आपल्याकडे कामगार कायद्यांचा अनुभव ताजा आहे. २९ कायदे चार संहितांत आले, संसदेने त्या २०१९ आणि २०२० मध्ये मंजूर केल्या, आणि त्या लागू झाल्या २१ नोव्हेंबर २०२५ रोजी. मधली वर्षं बऱ्याच अंशी राज्यांच्या नियमांची वाट पाहण्यात गेली. नदीला एवढी वर्षं थांबता येणार नाही.

आता आपल्याच कपाटातले कायदे बघू. झाडांपासून सुरुवात करतो. शहरातल्या झाडाला १९७५ चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) वृक्ष संरक्षण व जतन अधिनियम. २०२१ मध्ये त्यात चांगली दुरुस्ती झाली: पन्नास वर्षांहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरलं, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडं लावण्याची अट आली. हद्द ओलांडून ग्रामीण भागात गेलं की १९६४ चा वृक्षतोड नियमन अधिनियम, आणि त्याची अनुसूची. हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर अशी ठरावीक झाडं तिच्यात आहेत. वड आणि पिंपळ त्या अनुसूचीत नाहीत. शहराच्या हद्दीच्या अलीकडचा शंभर वर्षांचा वड वारसा, आणि पलीकडचा वड अनुसूचीबाहेर. शेजारच्या गोव्यात २०१६ साली वृक्ष कायद्याच्या दुरुस्तीने माडाला झाडांच्या व्याख्येतून वगळलं, आणि लोकांनी आवाज उठवल्यावर २०१७ मध्ये ते मागे घेतलं. राज्याच्या कायद्यातल्या एका व्याख्येवर किती उभं असतं, हे त्यातून दिसलं.

आणखी एक अडचण आहे, जिचा आपल्याला रोज अनुभव येतो. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१० च्या कायद्याला जोडलेल्या पहिल्या अनुसूचीत फक्त केंद्रीय कायदे आहेत: जल, हवा, वनसंवर्धन, पर्यावरण संरक्षण, सार्वजनिक दायित्व विमा, जैवविविधता. जल उपकराचा कायदाही होता, तो २०१७ मध्ये गेला. आपला वृक्ष कायदा, भूजल कायदा, पाटबंधारे कायदा त्यात नाही. त्यामुळे पुण्याच्या खंडपीठापुढे झाडाचं प्रकरण न्यायचं तर दुसऱ्या कुठल्या तरी कायद्याचा आधार शोधावा लागतो. पक्षकार विचारतो, साहेब, झाड तोडलंय हे दिसत असताना आपण कारखान्याच्या अटींबद्दल का बोलतोय? त्याला समाधानकारक उत्तर देता येत नाही. संहिता झाली तर तिच्याशी जोडलेले राज्य कायदेही लवादाच्या कक्षेत यायलाच हवेत.

पाण्याचं चित्र याहून वाईट आहे. पाटबंधारे अधिनियम १९७६ सालचा. त्याचे नियम कित्येक दशकं झालेच नाहीत. भूजल विकास व व्यवस्थापन अधिनियम २००९ सालचा. तो प्रत्यक्षात लागू व्हायला २०१४ उजाडलं आणि नियमांचा मसुदा आला २०१८ मध्ये. त्या कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन आहे. राज्यातल्या कोणत्याही दुष्काळी गावात जाऊन बोअरची खोली विचारा. नियमांविना कायदा केला, की अधिकाऱ्याच्या हातात काही राहत नाही आणि नागरिकाच्या हातात त्याहून कमी.

नदीकाठांचं तर आपण हातचं गमावलं. २००० साली राज्याने नदी नियमन क्षेत्र धोरण आणलं. नदीपासून किती अंतरावर कोणत्या प्रकारचा उद्योग चालेल, हे त्यात ठरवलेलं होतं. त्यात उणिवा होत्या, पण काठाला काही संरक्षण होतं. ते धोरण शासन निर्णयावर उभं होतं, आणि २०१५ च्या फेब्रुवारीत दुसऱ्या शासन निर्णयाने ते रद्द झालं. विधिमंडळात एक शब्द बोलावा लागला नाही. ते अधिनियमात असतं तर निदान सभागृहात कोणीतरी उभं राहून कारण विचारलं असतं.

आता निरसन आणि व्यावृत्ती, म्हणजे जुना कायदा रद्द करताना त्याखालचं काय टिकेल हे सांगणारं कलम. विद्यार्थी हे कलम शेवटी वाचतात. माझ्या मते संहितेत ते सर्वांत आधी वाचावं. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आलं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले, आणि १९९८ मध्ये वाढवणला बंदर नको, असा निर्णय त्या प्राधिकरणाने दिला. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने बंदराला परवानगी दिली; त्या परवानगीबद्दल माझं मत वेगळं आहे, पण तो आजचा विषय नाही. मुद्दा असा की चिकूच्या बागा, मच्छीमार आणि वारली पाडे यांचं संरक्षण १९८६ च्या पर्यावरण संरक्षण अधिनियमाच्या कलम ३ वर टेकलेलं आहे. महाबळेश्वर-पाचगणी आणि माथेरानही त्याच कायद्यावर आहेत. मूळ अधिनियम रद्द होऊन संहिता आली आणि व्यावृत्तीचं कलम ढिसाळ लिहिलं गेलं, तर या अधिसूचनांना दर वेळी न्यायालयात जीव वाचवावा लागेल. जनरल क्लॉजेस अॅक्टच्या कलम २४ चा आधार आहे, पण तो विसंगतीच्या कसोटीवर असतो. त्याच्यावर डहाणू सोपवून चालणार नाही.

राज्याने कायदे जुळवताना एक तत्त्व सोडू नये. केंद्राची मानकं ही किमान पातळी आहे. पर्यावरण संरक्षण नियम १९८६ मधल्या नियम ३ मध्ये राज्य मंडळांना अधिक कडक मानकं ठरवण्याची मुभा आजही आहे. संहितेच्या नावाने ही मुभा काढून घेतली गेली, तर कृष्णा आणि पंचगंगेसाठी कडक निकष लावण्याचा आपला अधिकार जाईल. सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑगस्ट २०२५ रोजी मंडळांना पर्यावरणीय नुकसानभरपाई वसूल करण्याचा अधिकार मान्य केला, पण तो वापरायला आधी नियम हवेत, असंही सांगितलं. म्हणजे पुन्हा चेंडू नियम करणाऱ्यांकडेच.

आणि भाषा. २०२० च्या पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या मसुद्याचं भाषांतर करा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाला द्यावा लागला. १९७३ च्या केंद्रीय कायद्यानुसार अधिकृत मराठी पाठ प्रसिद्ध करता येतो. तो मसुद्याच्या टप्प्यावरच मराठीत आला पाहिजे. जनसुनावणीत बोलणारी बाई ज्या कायद्यावर बोलते, तो तिला वाचता आला पाहिजे.

म्हणून या परिषदेने एक काम अंगावर घ्यावं, अशी माझी विनंती आहे. संहितेचा मसुदा येण्याची वाट पाहू नये. प्रत्येक जिल्ह्यातल्या वकिलांनी आपल्या भागात लागू असलेले राज्याचे पर्यावरणविषयक अधिनियम, नियम, अधिसूचना आणि शासन निर्णय यांची यादी करावी. कोणता केंद्रीय कायद्याशी विसंगत आहे, कोणत्याचे नियम झालेले नाहीत, कोणता फक्त शासन निर्णयावर उभा आहे, हे प्रत्येकासमोर लिहावं. पुढच्या हिवाळी अधिवेशनाआधी ती यादी आपण विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांतल्या सदस्यांच्या हाती मराठीत देऊ. नावनोंदणीचा कागद बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. दुपारच्या सत्राआधी प्रत्येकाने आपला जिल्हा त्यावर लिहावा.