वानखेडे पाडलं तेव्हा खुर्च्या कुणाच्या गेल्या?

आज क्रिकेटच्या मैदानाबद्दल बोलणार आहे. लगेच रेडिओ पोरांच्या हातात देऊ नका. गोष्ट खेळाची कमी आणि जागेची जास्त आहे, आणि जागेवरून होणारी भांडणं आपल्याला चांगली कळतात.

मुंबईत चर्चगेटजवळ वानखेडे स्टेडियम आहे. त्याचा जन्मच भांडणातून झाला. आधी मोठे सामने तिथून चालत जाण्याइतक्या अंतरावरच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर व्हायचे. ते 1937 साली सुरू झालं, आणि ते एका क्लबच्या मालकीचं. सामने भरवायचे मुंबई क्रिकेट असोसिएशननं, मैदान मात्र क्लबचं. मग तिकिटं कुणाला किती, यावरून दरवेळी कुरबुर. शेवटी असोसिएशनचे प्रमुख शेषराव वानखेडे म्हणाले की आम्ही आमचं मैदान बांधतो. विदर्भातले हे नेते तेव्हा विधानसभेचे अध्यक्षही होते. जेमतेम तेरा महिन्यांत स्टेडियम उभं राहिलं. (आपल्याकडे अंगणवाडीच्या एका खोलीला किती वर्षं लागतात, ते तुम्हीच मोजा.)

पहिला कसोटी सामना जानेवारी 1975 मध्ये झाला, वेस्ट इंडिजशी. त्यांच्या क्लाइव्ह लॉइडनं नाबाद 242 धावा केल्या. त्याचं द्विशतक झालं तेव्हा एक पोरगा आनंदानं मैदानात धावत गेला. पोलिसांनी त्याला मारलं. बघणारे खवळले, दंगा झाला आणि खेळ थांबला. म्हणजे नव्याकोऱ्या मैदानावर पहिल्याच सामन्यात प्रश्न पडला की कुंपणाच्या आत कुणी यायचं.

पुढं तेहेतीस वर्षं हे मैदान गाजलं. 1985 मध्ये रवी शास्त्रीनं इथंच एका षटकात सहा षटकार मारले. घरी आजोबा-काका मंडळी असतील तर विचारा, त्यांनी रेडिओला कान लावून ऐकलेले सामने ते अजून सांगतील.

मग 2011 चा विश्वचषक आपल्या देशात ठरला, आणि 2008 पासून जुने स्टँड पाडायला घेतले. काम चालू होतं तेव्हा, 2009 मध्ये, कसोटी सामना पुन्हा त्या जुन्या ब्रेबॉर्नवर खेळवावा लागला. छत्तीस वर्षांनी! ज्याच्याशी भांडून वेगळं घर बांधलं, त्याच्याच ओसरीवर मुक्काम.

नवं वानखेडे दिसायला देखणं झालं. पण आधी तिथं साधारण 45,000 माणसं बसत, आता जागा साधारण 33,000. दाटीवाटीनं बसण्याऐवजी प्रत्येकाला वेगळी खुर्ची आली. खुर्ची आली हे चांगलंच, पाठ टेकते. पण बारा हजार माणसं बाहेर राहिली, आणि ती पाहुण्यांच्या कक्षातली नव्हती. 2 एप्रिल 2011 ला भारत तिथं विश्वचषक जिंकला. त्या सामन्याची सर्वसामान्यांसाठी विक्रीला आलेली तिकिटं होती अवघी 4,000 च्या आसपास. बाकीची क्लब, संस्था, पाहुणे यांच्यात वाटली गेली. तिकिटांवरून भांडून बांधलेलं मैदान, पाडून पुन्हा बांधलं, तरी भांडण जागच्या जागी.

आणि बायका? 2013 मध्ये महिलांचा विश्वचषक मुंबईत होता आणि त्यांचे सामने वानखेडेवर ठरले होते. तेवढ्यात मुंबईच्या पुरुषांचा संघ रणजीच्या अंतिम फेरीत गेला. त्यांना घरचं मैदान हवं होतं. मग महिलांचे सामने हलवले ब्रेबॉर्नला आणि दुसरीकडे. घरात पाहुणे आले की बायकांचं ताट शेवटी, तसंच हे. मला तो निर्णय तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. पुढं डिसेंबर 2023 मध्ये आपल्या मुलींनी याच वानखेडेवर ऑस्ट्रेलियाला कसोटीत आठ गडी राखून हरवलं. ऑस्ट्रेलियावर त्यांचा कसोटीतला तो पहिलाच विजय. आपल्या सांगलीत वाढलेली स्मृती मानधना त्या संघात होती.

वानखेडेत निदान कुणाचं घर गेलं नाही, फक्त खुर्ची गेली. अमेरिकेत घरं गेली. तिथं बेसबॉल नावाचा चेंडू-दांडूचा खेळ आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातलं एबेट्स फील्ड हे त्याचं लाडकं मैदान. नव्या मैदानाच्या जागेवरून शहराशी मालकाचं जमलं नाही, तो संघ घेऊन लॉस एंजेलिसला गेला, आणि 1960 मध्ये एबेट्स फील्ड पाडून तिथं राहायच्या इमारती बांधल्या. तिकडं लॉस एंजेलिसमध्ये मात्र उलटं झालं. शहराजवळच्या टेकड्यांत मेक्सिकोकडची कष्टकरी कुटुंबं राहायची. त्यांना सांगितलं की घरं सोडा, इथं सरकारी घरकुलं बांधू आणि पहिला हक्क तुमचा. ती घरकुलं झालीच नाहीत. उरलेल्या कुटुंबांना मे 1959 मध्ये उचलून बाहेर काढलं, आणि 1962 मध्ये त्या जागेवर स्टेडियम सुरू झालं. नर्मदाकाठच्या, मणिबेलीकडच्या बहिणींना हे समजावून सांगायची गरज नाही.

आपल्याकडे काठीच्या राजवाडी होळीला हजारो माणसं येतात. तिथं ना तिकीट, ना खुर्ची. ज्याला जसं जमेल तसा तो उभा राहतो आणि नाचतो. पण गावात पोरी कबड्डी-खोखो खेळतात ती जागा कागदावर कुणाची आहे? शाळेची, गावठाणाची, गायरान, की कुणाच्या सातबाऱ्यावर? खापर, मोलगी, अक्कलकुवा, जिथं तुमचा गट असेल तिथं तलाठ्याला गट नंबर विचारा. आपला तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. पेसा कायद्यानं गावची जमीन प्रकल्पासाठी संपादित करण्याआधी ग्रामसभेशी बोलावं लागतं. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, हेही कायद्यात आहे. त्या सभेत मैदानाचा विषय घ्या आणि इतिवृत्तात लिहून घ्या. सही करण्याआधी कुणाला तरी मोठ्यानं वाचायला लावा.