रांगेत पुढे कोण?

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



"तू नक्की काय काम करतोस?" हा प्रश्न सकाळपासून मला निदान दहा जणांनी विचारला. डेटा सेंटरमधलं नेटवर्क सांभाळतो म्हटलं की समोरचा "बरं बरं" म्हणून विषय बदलतो. तेव्हा मला दिलेली दहा मिनिटं त्या उत्तरासाठीच वापरतो.

मधल्या सुट्टीतला आपला पाण्याचा नळ आठवा. शिपाईमामा तिथे उभे असायचे. पहिली-दुसरीची पोरं आधी, मग एका रांगेतले दोन, दुसऱ्या रांगेतला एक. आणि आपण काय करायचो? "सरांनी पाठवलंय" म्हणून पुढे घुसायचो. मामा हात पुढे करायचे, "चिठ्ठी दाखव!"

डेटा सेंटरमधला स्विच म्हणजे असाच नळ. शेकडो सर्व्हरांची माहिती लहान लहान पॅकेटांतून त्यातून जाते. अनेक सर्व्हर एकाच वेळी एकाच दिशेला बोलू लागले की पॅकेटांना स्विचच्या मेमरीत थांबावं लागतं. ती जागा फार थोडी. १६ मेगाबाइट जागेत सेकंदाला १०० गिगाबिट वेगाने जादा माहिती आली, तर ती सव्वा मिलिसेकंदात भरते. मग पुढची पॅकेटं टाकून दिली जातात. म्हणून एका पोर्टला साधारण आठ रांगा असतात. कोणतं पॅकेट कोणत्या रांगेत जाईल, हे त्यावरच्या डीएससीपी नावाच्या क्रमांकावरून ठरवता येतं. तो ० ते ६३ यांपैकी काहीही असू शकतो. आवाजाच्या संभाषणाला बहुधा ४६ देतात, स्विचच्या आपसातल्या निरोपांना ४८.

आता माझी चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका ठिकाणी मी ४६ क्रमांकाला "सगळ्यांत आधी" अशी रांग दिली, आणि तिला मर्यादा घातली नाही. सर्व्हरने लावलेला क्रमांक स्विचने जसाच्या तसा मानावा, असंही ठरवलं. स्विचचे निरोप मात्र साध्या रांगेत राहिले. एका रात्री बॅकअपच्या सर्व्हरांवर कुणीतरी दुसरीकडची सेटिंग उतरवली आणि त्यांचं प्रत्येक पॅकेट ४६ क्रमांक लावून आलं. सगळेच "सरांनी पाठवलंय" म्हणत होते, आणि मी चिठ्ठी मागायची सोयच ठेवली नव्हती.

"मी जिवंत आहे" हे स्विच एकमेकांना ठरावीक वेळाने कळवतात. ते निरोप मागे अडकले. शेजारचा स्विच मेला असं समजून बाकीच्यांनी वाहतूक दुसऱ्या वाटेवर वळवली, मग तीही तुंबली. आमच्याकडे एका रुग्णालयाची यंत्रणा होती. चाळीस मिनिटं तिथल्या डॉक्टरांना तपासण्यांचे अहवाल उघडता आले नाहीत. सुदैवाने कागदावरच्या नोंदींवर निभावलं. पण फोनवरचा तो आवाज मी विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी अहवालात "सेटिंग माझी होती" असं लिहिलं आणि तीन गोष्टी बदलल्या. सर्व्हरचा क्रमांक मानायचा नाही, पहिल्याच स्विचने पॅकेट तपासून तो लावायचा. स्विचचे निरोप सर्वांत वरच्या रांगेत, आणि "सगळ्यांत आधी" म्हणणाऱ्या प्रत्येक रांगेला मर्यादा. उरलेल्यांना वाटा: साठवणुकीला ५० टक्के, रोजच्या कामाला ३५, बॅकअपला १५.

हे १५ टक्के म्हणजे कमाल नव्हे, किमान हमी. पहाटे बाकीचे शांत असले की बॅकअप जवळजवळ सगळी वाट वापरतो. गर्दी झाली की आपल्या वाट्यावर परततो, पण उपाशी कधीच राहत नाही.

साठवणुकीच्या काही वाहतुकीत एकही पॅकेट गळून चालत नाही. तिथे स्विच मागच्याला त्या एकाच वर्गापुरतं "थांब" सांगतो. पण हे सारखं सांगावं लागलं, तर थांबणं एका स्विचवरून मागच्या स्विचवर पसरत जातं. म्हणून रांग भरण्याआधीच पॅकेटांवर खूण करतात. ती पाहून पाठवणाराच वेग कमी करतो. तोंड दाबण्यापेक्षा वेळेवर इशारा बरा, हे वर्ग सांभाळणाऱ्या आपल्या बाईंना मी सांगायची गरज नाही.

मित्रांनो, त्या रात्री क्षमता कमी नव्हती, क्रम चुकला होता. आज नवीन मुलं कामाला येतात तेव्हा मी त्यांना आधी दोनच प्रश्न विचारतो. जो पुढे जातोय, त्याची चिठ्ठी कुणी तपासली? आणि जो शेवटी उभा आहे, त्याला पाणी मिळणार का?

हे दोन्ही प्रश्न मी कुठल्या पुस्तकातून नाही, शिपाईमामांकडून शिकलो. व्यासपीठावरच्या गुरुजनांइतकाच त्यांनाही माझा नमस्कार.