सांध्यांतील सुप्त दाह आणि त्याचा शोध

(सुवर्ण महोत्सवी आरोग्य व्याख्यानाचा संपादित मजकूर)



सामायिकाची ४८ मिनिटे पूर्ण करून आसनावरून उठताना गुडघा धरला, की 'आता वय झाले' असे म्हणून आपण विषय संपवितो. आपल्या कॅम्प २ च्या बाजारात दिवसभर कापडाचे तागे उचलणारे व्यापारी बंधूही बोटे आखडली तर तो कामाचा शीण समजतात. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु कधी कधी राखेखालच्या निखाऱ्याप्रमाणे सांध्यात दाह धुमसत असतो, आणि बाहेर सूज किंवा लाली काहीच दिसत नाही. त्या सुप्त दाहाविषयी आज बोलावयाचे आहे.

झिजेची सांधेदुखी श्रमाने वाढते व विश्रांतीने शमते. दाहाची रीत उलट असते. सकाळी उठल्यावर अर्धा-एक तास सांधे ताठ राहतात आणि हालचालीने मोकळे होतात. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे ज्यास आपण आमवात म्हणतो, त्यात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. हा विकार स्त्रियांमध्ये दोन ते तीन पट अधिक आढळतो. वेळीच उपचार न झाल्यास कूर्चा आणि हाड कुरतडले जाते, आणि गेलेले हाड पूर्ववत होत नाही.

आपल्याच महाराष्ट्रातील एक कार्य येथे स्मरणीय आहे. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे घरोघरी जाऊन सांधे-स्नायूंच्या विकारांचे सर्वेक्षण आरंभिले. चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना अशा वेदना होत्या, तर आमवात सुमारे अर्ध्या टक्क्यास आढळला. म्हणजे दुखणारे अनेक, पण आमवाताचे थोडे. त्या थोड्यांना लवकर ओळखणे हेच खरे काम आहे.

ते सोपे नाही. काही रुग्णांत रक्ततपासणी निर्दोष येते, आणि क्ष-किरण चित्रात हाडाची हानी दिसते ती झाल्यानंतर. येथे दोन साधने साहाय्यास येतात.

पहिले उष्णताचित्रण. लाल रंगापलीकडील अदृश्य उष्णकिरण विल्यम हर्शेल यांनी १८०० साली शोधले. २०२० च्या महामारीत कपाळासमोर धरली जाणारी तापमापक बंदूक आपण सर्वांनी पाहिली. तिचे तत्त्व हेच. ती एक आकडा देते, उष्णता-कॅमेरा मात्र संपूर्ण हाताचे चित्र देतो. दाहाच्या जागी रक्तप्रवाह वाढतो, त्यामुळे वरची त्वचा किंचित उष्ण होते. स्पर्श नाही, किरणोत्सर्ग नाही. मात्र खोलीचे तापमान स्थिर हवे, रुग्णाने आधी काही मिनिटे स्वस्थ बसावयास हवे, आणि खुब्यासारखा खोल सांधा या कॅमेऱ्यास दिसत नाही.

दुसरे साधन सोनोग्राफी. तिच्यात अस्तराची जाडी, साचलेले पाणी आणि हाडावरील सूक्ष्म खाचा दिसतात. पॉवर डॉपलर तंत्राने अस्तरातील वाढलेला रक्तप्रवाह रंगाने उजळतो. सिंगापूर जनरल हॉस्पिटलमधील तज्ज्ञांनी आमवाताच्या रुग्णांच्या हातांवर ही दोन्ही साधने एकत्र वापरून अभ्यास केले आहेत. अधिक उष्ण सांध्यांत सोनोग्राफीलाही अधिक दाह आढळण्याकडे कल दिसला.

तथापि यंत्र म्हणजे अंतिम सत्य नव्हे. स्कॉटलंडमधील २०१५ च्या आणि नॉर्वेतील २०१६ च्या अभ्यासांत, प्रत्येक रुग्णाची वारंवार सोनोग्राफी करून औषधे ठरविल्याने, काळजीपूर्वक शारीरिक तपासणीपेक्षा मुख्य लाभ अधिक झाला नाही. जेथे संशय राहतो तेथे मात्र ती मोलाची ठरते. हत्ती आणि आंधळ्यांची कथा आपण बालपणापासून ऐकत आलो. वैद्याचा हात, रक्ताचा अहवाल, उष्णतेचे चित्र आणि ध्वनीचे चित्र हे एकेक नय आहेत. रोगनिदानातही अनेकान्त दृष्टीच हवी.

आरोग्य शिबिरे भरविणाऱ्या कार्यकर्त्यांस एक सूचना. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये आणि केंद्राने १९९४ मध्ये कायदा केला. त्यानुसार सोनोग्राफी यंत्र नोंदणीकृत ठिकाणीच वापरावे लागते. ते कोणत्याही सभागृहात आणून मांडता येत नाही. कन्याजीवाच्या रक्षणासाठी असलेले हे बंधन अहिंसेस मानणाऱ्या समाजाने आनंदाने पाळावे. शिबिरात तीन प्रश्न विचारले तरी पुष्कळ साधेल: सकाळी सांधे अर्ध्या तासाहून अधिक ताठ राहतात काय? बोटांचे वा मनगटाचे सांधे दुखतात काय? हे सहा आठवडे चालू आहे काय? उत्तर 'होय' आल्यास त्या व्यक्तीस संधिवाततज्ज्ञाकडे पाठवावे.

शेवटी तपस्वी बंधुभगिनींस विनंती. उपवास, आयंबिल वा चौविहार आरंभण्यापूर्वी औषधांच्या वेळा डॉक्टरांशी बोलून ठरवाव्यात. स्टेरॉइडची गोळी एकाएकी बंद करणे घातक ठरू शकते. वेदना समभावाने सहन करणे हा आपला संस्कार आहे. पण ती लपविणे ही तपश्चर्या नव्हे. घरातील माता-भगिनींनी आपले दुखणे वेळेवर सांगावे आणि घरच्यांनी ते ऐकावे. निखारा दाखविणारे यंत्र त्यानंतरच उपयोगी पडते.

जय जिनेंद्र.