मुलाखतीपूर्वीचा आरसा
(भातसानगर येथे केलेले भाषण)



आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी नोकरीच्या मुलाखतीस निघाली की आई दाखल्यांची पिशवी पुन्हा तपासते, बाप गाडीभाड्याचे पैसे हाती ठेवतो आणि पहाटे आसनगावला लोकल गाठली जाते. एवढ्याने तयारी झाली असे आपण समजतो. दाखले तपासले, परंतु ज्याचे ते दाखले आहेत तो उमेदवार तपासला काय?

केंद्र सरकारने खालच्या श्रेणीच्या बहुतेक पदांसाठी 1 जानेवारी 2016 पासून मुलाखत बंद केली. तथापि वरच्या पदांसाठी आणि खासगी नोकऱ्यांसाठी ती आहेच. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत 2025 गुणांपैकी 275 गुण मुलाखतीचे असतात.

भगवान बुद्धांनी आपला पुत्र राहुल याला केलेला एक उपदेश मज्झिमनिकायात आहे. भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवून, मग ते फेकून व भांडे पालथे करून त्यांनी सांगितले की, जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्याला लाज नाही त्याचे श्रमणपण असेच रिते असते. नंतर त्यांनी विचारले, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, असे राहुल म्हणाला. तद्वतच प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करीत असताना व केल्यानंतर पारखून पाहावे, असा तो उपदेश आहे. मुलाखतीलाही हाच नियम लावा.

प्रथम, जाण्यापूर्वी. एक वही घ्या. पदासाठी लागणारी एकेक गोष्ट डावीकडे लिहा; ती आपल्यापाशी आहे याचा पुरावा उजवीकडे लिहा. ‘मी मेहनती आहे’ हा पुरावा नव्हे. ‘शिकत असताना दोन वर्षे दुकानाचा हिशेब ठेवला’ हा पुरावा होय. उजवी बाजू कोरी राहिली तर ती भरण्यासाठी काय करीत आहात ते लिहा. इंग्रजी बोलताना अडखळणे हा गुन्हा नाही. येत नसता येते म्हणणे हा मात्र चौथ्या शीलाचा भंग आहे, आणि पुढच्याच प्रश्नाला तो उघडा पडतो.

याच्या उलट दोषही आपल्यात आहे. ‘तुला काय येणार?’ हे पिढ्यान्‌पिढ्या ऐकल्यामुळे स्वतःचे गुण लिहिताना आपला हात आखडतो. जी बहीण बचत गटाचा हिशेब चोख ठेवते, ती म्हणते मला काही येत नाही. ही नम्रता नव्हे, ही जुनी भीती आहे. खोटे वाढवू नये, तसे खरे लपवूही नये.

दुसरे, तयारी करीत असताना. अर्जातील प्रत्येक शब्दावर प्रश्न येऊ शकतो. ‘राहणार भातसानगर’ असे लिहिले, तर भातसा धरणाविषयी विचारतील. मुंबईची तहान भागविणारे पाणी ज्या शहापूर तालुक्यातून जाते, तेथील कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट का पाहतात, याचा विचार तुम्ही केला आहे काय? पाठ केलेल्या दहा उत्तरांपेक्षा स्वतः विचार करून दिलेले एक उत्तर मोलाचे असते. घरच्यांनी परीक्षक व्हावे व मुलांना प्रश्न विचारावेत.

आरक्षणाविषयी विचारले तर मान खाली घालू नका. ते कोणाचे दान नव्हे, घटनेच्या 16 व्या कलमाचा त्याला आधार आहे. 1956 साली धम्म स्वीकारणाऱ्यांना 1950 च्या अनुसूचित जाती आदेशाखाली केंद्राच्या सवलती मिळत नव्हत्या. 1990 च्या दुरुस्तीने त्या मिळाल्या. हा इतिहास ज्याला ठाऊक आहे, तो शांतपणे उत्तर देतो.

तिसरे, परत आल्यानंतर. त्याच संध्याकाळी विचारलेले प्रश्न लिहून काढा. कोठे अडलो, कोठे उगाच बोललो, हे नोंदवा. निवड झाली नाही, तर सारा दोष स्वतःवर घेणे हे आत्मपरीक्षण नव्हे. आपली उणीव असेल तर ती भरून काढा. अन्याय झाला असेल तर कायद्याच्या मार्गाने दाद मागा. या दोहोंतील फरक ज्याने वही प्रामाणिकपणे लिहिली त्यालाच कळेल.

तेव्हा आज घरी जाऊन दाखल्यांच्या पिशवीत एक कोरी वही ठेवा, आणि पहिले पान आजच लिहा.

जय भीम!