पाटी पुरुषांची, कडी आपली

(ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतल्या महिला गटांच्या एकत्र बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजच्या बोलण्याचा विषय सांगितला तेव्हा काहीजणी तोंडाला पदर लावून हसल्या. एकीनं तर विचारलं, "यावर कसलं भाषण करायचं?" हसा, जरूर हसा. पण हसून झालं की आज सकाळी घरातून निघताना किती पाणी प्यायलात ते आठवा. "लांब जायचंय, कशाला उगाच" असं म्हणून अर्धा पेला ओट्यावर तसाच ठेवला की नाही? डोंबिवलीहून मुंबईचं शेवटचं स्टेशन अठ्ठेचाळीस किलोमीटर, आणि लोकलमध्ये संडास नाही. नोकरीवाली पाणी पीत नाही, भाजीवाली पीत नाही, मोर्चाला जाणारी कार्यकर्तीही पीत नाही. मग लघवीला जळजळ होते, ताप भरतो, डॉक्टर विचारतात, "पाणी किती पिता?" आणि आपण खाली मान घालून गप्प बसतो.

या मोठ्या प्रश्नातला एक छोटा तुकडा मी आज घेतला आहे. एका वेळी एकाच माणसानं वापरायचा, आतून कडी असलेला संडास असतो. त्याच्या दारावर 'पुरुष' अशी पाटी आहे, आपल्या दाराला कुलूप आहे किंवा तिथे दहाजणींची रांग आहे. अशा वेळी बाईनं ते दुसरं दार वापरावं का? वापरलं तर कोणत्या रीतीनं? आणि उलट वेळ आली, पुरुष आपल्या दाराशी आला, तर आपण काय करावं?

हा विषय मला दोन प्रसंगांनी शिकवला. दोन्हींत चूक माझी होती.

पहिला प्रसंग एका सरकारी कचेरीतला. आम्ही काहीजणी रेशनकार्डांच्या कामाला गेलो होतो. बरोबर एक मावशी होत्या, साठी उलटलेल्या, मधुमेहाच्या. सकाळपासून रांगेत उभ्या. व्हरांड्याच्या टोकाला शेजारी शेजारी दोन दारं होती. 'स्त्रिया' लिहिलेल्या दाराला कुलूप होतं, आणि किल्ली ज्यांच्याकडे होती त्या बाई रजेवर. 'पुरुष' लिहिलेलं दार उघडंच होतं. आत एक भांडं, एक नळ, आतून कडी. कुणी माणूस नाही. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. शिपाई स्टुलावरूनच म्हणाला, "ओ ताई, ते जेन्ट्स आहे." आणि मी, एरवी साहेबाशी चढ्या आवाजात भांडणारी मी, मावशींना म्हणाले, "जरा कळ काढा, मी किल्लीचं बघते." दुसऱ्या मजल्यावर गेले, याला विचारलं, त्याला विचारलं. वीस मिनिटांनी परत आले तेव्हा मावशी भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. पातळ भिजलं होतं. मला एवढंच म्हणाल्या, "पोरी, मला घरी ने." रेशनकार्डाचं काम त्या दिवशी राहिलं. त्यानंतर त्या आमच्याबरोबर कुठल्याच कचेरीत आल्या नाहीत.

रिकामं दार तीन पावलांवर होतं. मी त्या दिवशी कुणाची अब्रू राखली? मावशींची तर नाहीच. एका पत्र्याच्या पाटीची राखली.

आता कुणी म्हणेल, पुरुषांच्या संडासात बाईनं जायचं म्हणजे काय? तर आधी आपण रोज काय करतो ते पाहू. घरात आई, बाप, मुलगा, सून एकच संडास वापरतात. कल्याण जंक्शनला गावाकडच्या गाडीत बसलात, की डब्याच्या टोकाच्या संडासावर 'स्त्री' नाही आणि 'पुरुष'ही नाही. तिथे आपण परक्या पुरुषांच्या मागे रांगेत उभ्या राहतो, आत जातो, कडी लावतो, बाहेर येतो. कुणाला वावगं वाटत नाही, कारण आत एकच माणूस असतो आणि कडी त्याच्या हातात असते. बाईला संरक्षण कडी देते, पाटी देत नाही.

पण म्हणून पाट्याच निरर्थक आहेत असं मी म्हणत नाही, आणि हे नीट समजून घ्या. बायका कारखान्यांत कामाला लागल्या तेव्हा वेगळी सोय ही त्यांची गरज होती. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यानं १८८७ साली कामाच्या जागी बायकांसाठी वेगळे संडास हवेत असा कायदा केला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम १९ मध्ये स्त्री आणि पुरुष कामगारांसाठी वेगवेगळी बंदिस्त सोय हवी असं लिहिलेलं होतं. वागळे इस्टेटमधल्या आणि डोंबिवली एमआयडीसीतल्या मैत्रिणींनी हे लक्षात ठेवावं. जिथे ओळीनं मुताऱ्या आहेत, जिथे चार-सहा माणसं एकदम आत असतात, तिथे वेगळी जागा हवीच. ती आपण मागून घेतली आहे, ती सोडायची नाही. पण एकाच भांड्याच्या, एकाच कडीच्या खोलीला ते कारण लागू होत नाही. कॅलिफोर्निया राज्यानं तर २०१६ साली कायदा करून १ मार्च २०१७ पासून सार्वजनिक ठिकाणचे असे एकट्याचे संडास सर्वांसाठी खुले केले आणि तशीच पाटी लावायला सांगितली.

आपल्याकडे तशी पाटी लागेपर्यंत आपण आपसांत काही रीत ठरवू या. आमच्या गटात बोलून बोलून जे ठरलं ते सांगते.

आधी खोली कसली आहे ते पाहा. आत एकच भांडं आणि चालणारी कडी असेल तरच जा. मुताऱ्यांची ओळ असेल तर ते दार आपलं नाही. ते त्या पुरुषांच्या लाजेचाही प्रश्न आहे, आणि लाज काही फक्त बायकांनाच नसते.

आपलं दार मोकळं आणि वापरण्याजोगं असेल तर आपलंच वापरा. दुसरं दार गरजेसाठी आहे. पण गरज कुणाची किती, हे बाहेरच्यानं ठरवायचं नाही. पाळी असते, दिवस गेलेले असतात, मधुमेह असतो, कडेवर पोर असतं. कारण सांगत बसायची सक्ती कुणावर नको.

दार वाजवा, दोनदा वाजवा, आणि "आत कुणी आहे का?" असं मोठ्यानं विचारा. एखादा पुरुष आधीपासून थांबलेला असेल तर त्याचा नंबर आधी. त्याला सरळ सांगा, "दादा, आमचं दार बंद आहे, तुमच्यानंतर मी जाते." आमचा अनुभव असा, की बहुतेक वेळा तोच म्हणतो, "ताई, तुम्ही जा आधी."

बरोबर मैत्रीण असेल तर ती दाराशी उभी राहील. एकटी असाल, जागा सुनसान असेल, कडी मोडकी असेल, तर जाऊ नका. सोय महत्त्वाची, पण सुरक्षितता त्याहून महत्त्वाची.

आत गेल्यावर उगाच वेळ काढू नका. पाणी ओता. पाळीचं पॅड भांड्यात टाकू नका. पुरुषांच्या संडासात त्यासाठी डबा नसतो, म्हणून कागद आणि पिशवी जवळ ठेवा आणि डबा दिसेपर्यंत ते सोबत न्या. लक्षात ठेवा, तुंबलेलं भांडं साफ करायला कुणीतरी माणूसच येतो, आणि तो कोणत्या जातीचा असतो हे आपल्याला ठाऊक आहे.

बाहेर येताना चोरासारखं येऊ नका. मान वर ठेवा, बाहेर थांबलेल्याला "झालं, जा" म्हणा आणि पुढे व्हा.

आता दुसरा प्रसंग. ठाण्यातल्या एका रुग्णालयात मी ओळखीच्या बाईला भेटायला गेले होते. बायकांच्या संडासातून, तोही एकट्याचाच, एक पुरुष बाहेर आला. पहिल्या प्रसंगानंतर मी बायकांच्या हक्काबद्दल फार जागरूक झाले होते. मी भर पॅसेजमध्ये त्याच्यावर ओरडले, "पाटी वाचता येत नाही का? लाज वाटत नाही?" तो काही बोलला नाही. मागे वळला आणि त्यानं आतल्या बाईला हात दिला. त्याची बायको. ऑपरेशन झालेली, एका हाताला सलाईन, दुसऱ्या हातानं भिंत धरलेली. तिला एकटीला उठबस करता येत नव्हती. तिनं माझ्याकडे पाहिलं ती नजर मी अजून विसरलेले नाही. मी माफी मागितली. पण सगळ्या पॅसेजनं तिच्याकडे वळून पाहिलं होतं, ते काही परत घेता आलं नाही.

म्हणजे एकदा मी पाटीपुढे गप्प बसले आणि एकदा पाटीसाठी ओरडले. दोन्ही वेळा आजारी बाईच भोगत होती.

तेव्हा उलट बाजूची रीतही आपण ठरवली पाहिजे. लहान मुलीला घेऊन आलेला बाप, म्हाताऱ्या आईला धरून आणणारा मुलगा, अपंग बायकोचा नवरा, यांना एकट्याच्या संडासाशी अडवू नका. उलट "मी बाहेर थांबते, तुम्ही जा" म्हणा. पोट बिघडलेला एखादा पुरुष विचारून, दार वाजवून जात असेल तर त्यालाही जाऊ द्या. जी सूट आपण मागतो ती देताना हात आखडू नये. त्यानंही भांडं, जमीन स्वच्छ ठेवून बाहेर यावं, एवढं त्याला सांगायचा आपल्याला हक्क आहे.

आणि तृतीयपंथी? त्यांना तर दोन्ही दारांवरून हाकलतात. सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ च्या निकालात सांगितलं, की आपण स्त्री, पुरुष की तृतीयपंथी हे ज्याचं त्यानं ठरवायचं. त्यांच्यासाठी सार्वजनिक संडासांची सोय करावी असंही त्याच निकालात आहे. ती सोय होईपर्यंत निदान कडी असलेल्या दाराशी तरी "तू कोण?" हा प्रश्न आपल्या तोंडून येऊ नये. आपल्याला दारातून परत फिरवलं की कसं वाटतं, ते आपण जाणतो.

पण मैत्रिणींनो, ही सूट आंधळी नाही. जो दाराशी घुटमळतो, आत बाई असताना कडी हलवतो, विचारल्यावर अंगावर येतो, त्याला गरज नसते, त्याचा हेतू वेगळा असतो. तिथे आवाज चढवायचाच. रेल्वेच्या हद्दीत तर कायदाही आहे. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६२ प्रमाणे बायकांसाठी राखीव डब्यात किंवा खोलीत पुरुष योग्य कारणाशिवाय शिरला तर तो गुन्हा आहे. 'योग्य कारणाशिवाय' हे शब्द लक्षात ठेवा. कायद्यानंही कारणाला जागा ठेवली आहे, मग आपणही ठेवू.

शेवटी एक धोका सांगते. आपण पुरुषांचं दार वापरायला लागलो, की अधिकारी खूश होतील. म्हणतील, "बघा, बायकांचं भागतंय की! वेगळं बांधायला कशाला हवं?" किंवा एकच खोली बांधून 'सर्वांसाठी' अशी पाटी लावतील आणि हिशेबात ती बायकांच्या नावावर दाखवतील. हे चालू द्यायचं नाही. २०११ साली मुंबईत 'राइट टू पी' ही मोहीम उभी राहिली, कारण पुरुषाला मुतारी फुकट आणि बाईकडून त्याच कामाचे पैसे, हे बायकांनी स्वतः जाऊन पाहिलं आणि लिहून काढलं. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी' मासिकानं उच्च न्यायालयात जनहित याचिका नेली, आणि डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयानं रस्त्यांवर आणि सार्वजनिक जागी बायकांसाठी स्वच्छ संडास पुरवणं हे महानगरपालिकांचं कर्तव्य आहे असं सांगितलं. मानानं जगण्याच्या हक्कात ही सोय येते, असं ते म्हणणं आहे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महानगरपालिकांपुढे हा निकाल आपण ठेवू शकतो.

म्हणून रीतीतला शेवटचा नियम असा: ज्या दिवशी नाइलाजानं पुरुषांचं दार वापरलंत, त्याच दिवशी दोन ओळींचा अर्ज लिहा. 'अमुक तारखेला, अमुक वाजता, स्त्रियांच्या संडासाला कुलूप होतं.' त्याची पोच घ्या. किल्ली कुणाकडे आहे ते दारावर लिहायला लावा. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गटानं आपल्या भागातली दारं मोजून आणावीत: उघडी किती, कुलूपबंद किती, कडी किती दारांना आहे. स्टेशन, बाजार, कचेरी, दवाखाना, पेट्रोलपंप, काही सोडू नका.

त्या मावशी आता नाहीत. त्या दिवशी मी शिपायाला "जेन्ट्स असू दे, आत कुणी नाही, मी दाराशी उभी आहे" एवढंच म्हणायला हवं होतं. ते वाक्य मला तेव्हा सुचलं नाही. तुम्हाला वेळेवर सुचावं, म्हणून आज बोलले.

इथून निघण्याआधी प्रत्येकीनं पेलाभर पाणी प्या. एवढं सांगून थांबते.