उथळ पाण्यातील तार

चेन्नई शहरातील तिरुवल्लिकेणी हा भाग पार्थसारथीच्या प्राचीन मंदिरामुळे प्रसिद्ध आहे. इंग्रजांनी त्याचे ‘ट्रिप्लिकेन’ केले. पण मूळ तमिळ नावाचा अर्थ फार सुंदर आहे. ‘तिरु’ म्हणजे श्री, ‘अल्ली’ म्हणजे कुमुद आणि ‘केणी’ म्हणजे तळे. कुमुदांच्या ह्या तळ्यापासून पूर्वेस चालत गेले की मरीनाची वाळू लागते आणि पुढे बंगालचा उपसागर पसरलेला दिसतो. गोडे आणि खारे पाणी जेथे असे शेजारी नांदते, त्या स्थळाच्या निमित्ताने पाण्याखालून संदेश नेणाऱ्या तारांचा विचार करणे उचित होईल.

ह्या विद्येच्या आरंभीच्या प्रयोगांपैकी एक भारतात झाला, आणि तोही समुद्रात नव्हे, नदीत. १८३९ साली डॉ. विल्यम ओशॉनेसी ह्यांनी कलकत्त्यास हुगळीच्या पात्राखालून तारेने संकेत धाडून दाखविले. उघडी तार पाण्यात टाकली तर वीज पाण्यातच विरून जाते. म्हणून तारेवर जलाभेद्य आवरण हवे. पुढे मलायातील एका वृक्षाच्या चिकापासून मिळणाऱ्या गटापर्चाने ती अडचण दूर केली. १८५० च्या ऑगस्टमध्ये इंग्लंड व फ्रान्स ह्यांमधील खाडीत अशी तार टाकण्यात आली. परंतु ती लगेच निकामी झाली. एका मच्छीमाराच्या हातून ती तुटली, असे सांगतात. दुसऱ्या वर्षी लोखंडी तारांचे चिलखत चढवून नवी तार टाकली, तेव्हा कोठे काम साधले. मद्रासचा किनारा १८७१ साली समुद्रतारेने पेनांग व सिंगापूरशी जोडला गेला.

आज तांब्याच्या तारेतून जाणाऱ्या संकेतांची जागा केसासारख्या काचतंतूंतून धावणाऱ्या प्रकाशाने घेतली आहे. १० ऑगस्ट २०२० रोजी चेन्नई व अंदमान-निकोबार ह्यांना जोडणाऱ्या सुमारे २,३०० किलोमीटर लांबीच्या केबलचे उद्घाटन झाले. तोवर त्या बेटांचा बाहेरच्या जगाशी संपर्क मुख्यतः उपग्रहावर विसंबून होता. रुग्णाचे अहवाल, विद्यार्थ्याचे अर्ज, बँकेचे व्यवहार हे सारे त्या अरुंद वाटेने जात असे. आता त्याचा भार समुद्रतळावरील केबल वाहते.

समुद्र आणि सरोवर ह्यांत फरक आहे. लांबच्या समुद्रमार्गात प्रकाश क्षीण होतो. म्हणून ठरावीक अंतरावर त्याला बळ देणारी यंत्रे बसवावी लागतात आणि त्यांना किनाऱ्यावरून वीज पुरवावी लागते. २०१९ मध्ये टोरांटो व बफेलो ह्यांच्या दरम्यान ओंटारिओ सरोवरातून टाकलेल्या केबलचा पाण्याखालील भाग सुमारे ५८ किलोमीटरच आहे. एवढ्या अंतरात अशा यंत्रांची गरज पडत नाही. गोड्या पाण्यात पोलादही सावकाश गंजते. मात्र जे सरोवर समुद्राशी जोडलेले नाही, तेथे केबल टाकणारे मोठे जहाज पोचत नाही. केबलची रिळे रस्त्याने आणून पडावावरून ती सोडावी लागते.

खरा धोका मात्र दोन्हीकडे एकच आहे. जगात दरवर्षी समुद्रकेबली बिघडण्याचे सुमारे दीडशे ते दोनशे प्रकार घडतात, आणि त्यांतील बहुसंख्य मासेमारी व जहाजांचे नांगर ह्यांमुळे. खोल समुद्रात केबल बव्हंशी निर्धास्त असते; तेथे ती बोटभर जाडीची असली तरी चालते. किनाऱ्याजवळ मात्र तिला पोलादी चिलखत घालून तळाच्या मातीत पुरावे लागते. बहुतेक सरोवरांत तर खोल समुद्राचा हा आडोसा मुळीच नसतो. तेथील केबल आरंभापासून अखेरपर्यंत माणसाच्या वावरातच असते.

म्हणून केबलचे रक्षण हा केवळ अभियंत्यांचा प्रश्न नव्हे. १८८४ च्या पॅरिस करारात एक शहाणपणाची तरतूद आहे, आणि १९८२ च्या सागरी कायद्यानेही ती उचलली आहे. योग्य ती खबरदारी घेऊनही जाळे वा नांगर केबलमध्ये अडकला आणि केबल वाचविण्यासाठी नावाड्याने तो सोडून दिला, तर केबलच्या मालकाने त्याची भरपाई करावी, असे ती सांगते. सरोवरांना हा सागरी कायदा लागू नाही. तेथे असे संरक्षण काठच्या राज्यांनाच द्यावे लागेल.

मरीनावरून पहाटे होडी लोटणाऱ्या मच्छीमाराला जाळे म्हणजे घराची मिळकत असते. ते कापून द्यावे की जोर लावून ओढावे, ह्याचा निर्णय त्याला काही क्षणांत घ्यावा लागतो. त्या क्षणी अंदमानच्या रुग्णालयाची वाट त्याच्या हातात असते. केबल कोठून जाते हे त्याला त्याच्या तमिळ भाषेत आधी सांगितलेले असले, आणि गेलेल्या जाळ्याचे पैसे विनाविलंब मिळतील असा त्याला भरवसा असला, तर तो जाळे सोडील. नुसत्या मनाईच्या फलकाकडून तेवढी अपेक्षा धरता येत नाही.