डाव्या विंगवरचा जोना लोमू

जोना लोमूचा जन्म १२ मे १९७५ रोजी ऑकलंड येथे झाला. आईवडील मूळचे टोंगा बेटांवरचे. बालपणाची काही वर्षे तो टोंगातच नातेवाइकांकडे वाढला. पुढे दक्षिण ऑकलंडच्या वस्तीतल्या मारामाऱ्यांपासून तो दूर राहावा, म्हणून त्याला वेस्ली कॉलेज या निवासी शाळेत घातले गेले. रग्बीत तो घडला तो तिथेच.

शाळेत तो फॉरवर्ड होता, म्हणजे झटापट करून चेंडू मिळवणाऱ्यांपैकी. राष्ट्रीय संघाने मात्र या ६ फूट ५ इंच उंचीच्या मुलाला कडेने धावणाऱ्या विंगवर नेले. १९९४ मध्ये, १९ वर्षे ४५ दिवसांचा असताना, तो न्यूझीलंडचा तोवरचा सर्वांत लहान कसोटीपटू ठरला. फ्रान्सविरुद्धचे त्याचे हे पहिले दोन्ही सामने संघ हरला. नव्या जागेवरचा त्याचा अननुभव उघडा पडला आणि त्याला वगळण्यात आले.

वर्षभरात चित्र पालटले. १८ जून १९९५, केप टाउन, विश्वचषकाची उपांत्य फेरी, समोर इंग्लंड. सामना नुकताच सुरू झालेला. लोमूकडे फेकलेला चेंडू त्याच्या मागे पडला. त्याने वळून तो उचलला, टोनी अंडरवुडला मागे टाकले, विल कार्लिंगपासून निसटताना तो अडखळला आणि तोल जात असतानाच समोर उभ्या माइक कॅटला तुडवून गोलरेषेपलीकडे पोहोचला. इंग्लंडविरुद्ध त्याने त्या दिवशी चार ट्राय केले, म्हणजे चार वेळा गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवला. न्यूझीलंड ४५-२९ ने जिंकले. अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेने त्याला रोखले. त्या संघाविरुद्ध त्याला कारकिर्दीत कधीच ट्राय करता आला नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस मूत्रपिंडाच्या गंभीर विकाराचे निदान झाले. या विकारात प्रथिने लघवीवाटे निघून जातात, अंगाला सूज येते, थकवा पाठ सोडत नाही. १९९७ चा बराचसा हंगाम उपचारांत गेला. तरीही १९९९ च्या विश्वचषकात त्याने आठ ट्राय केले, १९९५ च्या सातांहून एक जास्त. लोमूच्या ताकदीचे कौतुक करताना हा आजार विसरता कामा नये.

६३ कसोट्या आणि ३७ ट्रायनंतर २००२ मध्ये त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द थांबली. २००३ मध्ये डायलिसिस सुरू झाले, २००४ मध्ये एका मित्राचे मूत्रपिंड त्याला बसवण्यात आले. त्यानंतरही तो कार्डिफच्या संघातून मैदानात उतरला. ते मूत्रपिंड २०११ मध्ये निकामी झाले. १८ नोव्हेंबर २०१५ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, ऑकलंडमध्ये त्याचे निधन झाले. विश्वचषकातील त्याच्या १५ ट्रायच्या विक्रमाशी काही आठवडे आधीच दक्षिण आफ्रिकेच्या ब्रायन हबानाने बरोबरी केली होती.